गुरांचा डॉक्टर गोठ्यातच जन्मायला हवा का?

पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रवेशयाद्या लागल्या की दूधधंद्यातल्या जुन्या मंडळींत एक तक्रार हमखास ऐकू येते. ‘ही सगळी नीटवाली पोरं. एमबीबीएस हुकलं म्हणून इकडं आलेली. यांनी गायीची कास कधी हातात धरलीय का? शेणात पाय पडला की तोंड वाकडं करतात.’ तक्रारीचा दुसरा भाग मुलींबद्दल असतो आणि तो जरा आवाज खाली घेऊन बोलला जातो. ‘पोरी तर किती वाढल्यात बघा. रात्री बारा वाजता अडलेली म्हैस कोण मोकळी करणार?’ मग उपाय सुचवले जातात. प्रवेशाला सातबारा बघा, शेतकऱ्याच्या पोराला जादा गुण द्या, पदवी मिळाली की पाच वर्षं खेड्यात राहायचं बंधपत्र लिहून घ्या.

मी फलटण-माळशिरसकडच्या संकरित गायींच्या पट्ट्यातला. त्यामुळे या तक्रारीमागचं दुखणं खरं आहे, हे मला कोणी पटवून द्यायची गरज नाही. रात्री डॉक्टर मिळत नाही. दवाखान्याला कुलूप असतं, किंवा डॉक्टर तीन गावं पलीकडे असतो, किंवा पदच रिकामं असतं. पण या दुखण्याचं खापर डॉक्टरच्या घराण्यावर फोडणं मला पटत नाही. गेल्या पन्नास-साठ वर्षांत गोठ्यातली गाय बदलली आणि तिच्यावर उपचार करणारा माणूसही बदलला. गावातला गुरांचा दवाखाना मात्र जिथल्या तिथे राहिला. डॉक्टर कुठल्या घरातून येतो ही चौकशी आपण फार केली. तो येऊन बसतो कुठे, ही चौकशी राहूनच गेली.

मुळात आपला पशुवैद्यक गोठ्यातून आला, ही समजूतच अर्धवट आहे. मुंबईत घोड्यांच्या ट्राम १८७४ साली सुरू झाल्या आणि त्याच वर्षी प्राण्यांवरचा जुलूम थांबवण्यासाठी एसपीसीएची तिथली संस्था उभी राहिली. शहर घोड्यांवर आणि बैलांवर चालत होतं. लंगडे, जखमी, पाठ सोललेले प्राणी रस्त्यावर रोज दिसत. परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय त्यानंतर दहाएक वर्षांतलं. त्याच आवारात १८८६ साली मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. पैसा पारशी दानशूरांचा आणि गरज ब्रिटिश सरकारची, कारण त्यांना फौजेचे घोडे धडधाकट हवे होते. १८८९ साली पुण्यात जीवाणूशास्त्राची सरकारी प्रयोगशाळा निघाली. ती चार वर्षांनी कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली गेली, कारण बुळकांडी या गुरांच्या जीवघेण्या साथरोगाच्या जंतूंवर काम करायचं तर वस्तीपासून आणि गुरांपासून लांब जागा हवी होती. या सगळ्या खटाटोपात कुणब्याच्या गोठ्यातली गाय कुठेच नव्हती. पहिल्या पिढीचा पशुवैद्यक शहरात शिकला आणि त्याने आधी हाताळला तो घोडा.

गोठ्याशी नातं असलेला डॉक्टर आला तो स्वातंत्र्यानंतर. नागपूरचं महाविद्यालय १९५८चं, परभणीचं १९७२चं, उदगीर आणि शिरवळ ऐंशीच्या दशकातले. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि गावोगाव दवाखाने उघडले. परभणीला शिकलेला मुलगा लातूर-नांदेडकडच्या एखाद्या कोरडवाहू घरातला असायचा, घरात शिकलेला पहिलाच. गुरं राखत मोठा झालेला. त्याला बैलाची वेसण धरायला शिकवावं लागत नसे. आज ज्याची आठवण काढून लोक हळहळतात तो हा डॉक्टर. त्याने केलेलं काम खरोखर मोठं आहे. बुळकांडीचा या देशातला शेवटचा रुग्ण १९९५ सालचा, आणि २०११ साली हा रोग साऱ्या जगातूनच संपल्याचं जाहीर झालं. मानवजातीने देवीनंतर समूळ संपवलेला हा दुसराच रोग. तो संपवताना वस्त्या-वाड्यांवर बर्फाच्या पेटीत लस घेऊन फिरले ते हेच लोक. त्यांचा पुतळा कुठे उभा राहिलेला मी तरी पाहिला नाही.

पण तो डॉक्टर चोवीस तास हजर कसा असायचा, याचा हिशेब कोणी मांडत नाही. तो दवाखान्याच्या मागच्या खोलीत राहायचा. एकटाच अधिकारी, म्हणजे सुटी नाही, पाळी नाही, बदली माणूस नाही. रात्री कोणी कडी वाजवली की आधी उठायची ती त्याची बायको. निरोप तिने घ्यायचा, चहा तिने ठेवायचा, नवरा पहाटे शेणा-रक्ताने माखून आला की पाणी तिने तापवायचं. सरकारने एका पगारात दोन माणसं राबवली आणि त्याला सेवाभाव म्हटलं. मुलं शाळेच्या वयाची झाली की हेच कुटुंब तालुक्याला राहायला जाई आणि डॉक्टरची मोटारसायकल रोज सकाळी उलटी धावू लागे. ‘पूर्वीचा डॉक्टर गावात राहायचा’ हे वाक्य खरं आहे, पण बहुतेक ठिकाणी ते त्याच्या नोकरीच्या पहिल्या सात-आठ वर्षांपुरतंच.

शिवाय तेव्हाची गाय वेगळी होती. खिलार, देवणी, लाल कंधारी, डांगी ही जनावरं दूध बेताचं देत आणि आजारीही बेताने पडत. घटसर्प, फऱ्या, लाळ्या खुरकूत या साथी आल्या की धावपळ. एरवी खच्चीकरण, जखमा, पोटफुगी. १९६७ साली मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला बाएफ ही संस्था उभी केली, परदेशी वळूंचं वीर्य दारात येऊ लागलं आणि पुढच्या दोन पिढ्यांत पश्चिम महाराष्ट्राच्या गोठ्यांत होल्स्टिन आणि जर्सीच्या संकरित गायी उभ्या राहिल्या. दिवसाला वीस-पंचवीस लिटर देणारी गाय सतत कडेलोटावर असते. व्यायली की रक्तातलं कॅल्शियम दुधात ओढलं जातं आणि ती खाली बसते. मग ऊर्जा कमी पडते म्हणून कीटोसिस. सड मोठे, दूध जास्त, म्हणून कासदाह. वासरू मोठं म्हणून अडणं. मुका माज, उलटणं म्हणजे रेतन करूनही गाभ न राहणं, वार (जार) न पडणं. हे रोज घडतं, आणि बरंचसं रात्री घडतं. एका डॉक्टरमागे कागदावर जनावरांची संख्या तेवढीच राहिली असेल, पण दर जनावरामागचं काम कितीतरी वाढलं. जुन्या पिढीचा डॉक्टर आज परत आणून त्याच खुर्चीत बसवला तरी त्याचीही दमछाक होईल.

आता तो प्रसिद्ध फोन. ‘डॉक्टर, गाय बसलीय.’ काल व्यायलेली, आज उठत नाही, मान कुशीकडे वळवून पडलेली, कान गार. हा दुग्धज्वर. नावात ज्वर असला तरी अंगात ताप नसतो, उलट अंग थंड पडतं. उपाय साधा आहे: कॅल्शियमची साडेचारशे मिलिलिटरची बाटली शिरेतून. बाटली संपता संपता गाय रवंथ करू लागते, डरकते, उठून उभी राहते. गोठ्यातल्या माणसाला हा चमत्कार वाटतो. बाटली तर कृत्रिम रेतन करणारा गावातला पोरगाही लावू शकतो, मग डॉक्टर कशाला? त्याचं उत्तर त्या बाटलीच्या वेगात आहे. कॅल्शियम भराभर सोडलं तर हृदय थांबतं. औषध देताना ठोके ऐकत राहावं लागतं आणि ठोका चुकू लागला की हात आखडता घ्यावा लागतो. शिवाय बसलेली प्रत्येक गाय कॅल्शियमचीच नसते. गर्भाशयात पू झालेला असतो, खुबा निखळलेला असतो, कासेचं विष अंगात भिनलेलं असतं. हे ओळखायला साडेपाच वर्षं शिकावं लागतं, त्यात वर्षभराची आंतरवासिता येते. ते ज्ञान कुणाला जन्मजात मिळत नाही, ना शेतकऱ्याच्या मुलाला, ना डोंबिवलीच्या मुलीला.

मुलींबद्दलची शंका तर सरळ तपासून पाहता येते. अडलेलं वासरू ओढून काढणं हे पैलवानाचं काम आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा नीट केलेलं बाळंतपण पाहावं. चार माणसं लावून दोर ओढणं ही चुकीची पद्धत आहे, तिच्याने वासरू मरतं, गायीचं अंग बाहेर येतं, कधी मज्जातंतू दुखावून ती कायमची बसते. खरं कौशल्य आत आहे: मुडपलेली मान सरळ करणं, मागे राहिलेला पाय कोपरापासून वळवून पुढे घेणं, कण्यात भूल देऊन कळा थांबवणं, भरपूर वंगण वापरणं. तिथे जागा कमी असते, म्हणून बारीक हात आणि लांब बोटं कामाला येतात. शेळी-मेंढीच्या बाबतीत तर जाडजूड पुरुषी पंजा आत शिरतच नाही. राहिला प्रश्न जनावर धरण्याचा. ते काम लोखंडी खोड्याने, दोराच्या योग्य गाठीने आणि गुंगीच्या इंजेक्शनने करायचं असतं. ज्या दवाखान्यासमोरचा खोडा गंजून मोडला आहे तिथे सहा फुटी डॉक्टरही लाथ खातो.

आणि घराण्याचं म्हणाल, तर अमृता पटेल यांचं उदाहरण पाहा. वडील एच. एम. पटेल आयसीएस अधिकारी, पुढे देशाचे अर्थमंत्री. जन्म दिल्लीतला. त्या परळच्या महाविद्यालयातून पशुवैद्यक झाल्या, १९६५ साली आणंदला अमूलमध्ये रुजू झाल्या आणि १९९८ ते २०१४ राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या अध्यक्ष राहिल्या. सातबाऱ्याचा निकष लावला असता तर त्यांना पहिल्याच फेरीत घरी जावं लागलं असतं. एका उदाहरणाने सिद्धान्त उभा राहत नाही, हे मान्य. पण आणंदमध्ये त्यांना जे मिळालं ते लक्षात घ्यावं: काम करणारी संस्था, वाहन, प्रयोगशाळा, सोबतीला इतर डॉक्टर. एकाकी खोली आणि मोडका खोडा देऊन कुणाकडूनही असं काम निघालं नसतं.

दवाखान्याचं सध्याचं चित्र काय आहे? १९७६ साली राष्ट्रीय कृषी आयोगाने पाच हजार मोठ्या जनावरांमागे एक पशुवैद्यकीय संस्था असा दंडक सांगितला. २०१९च्या पशुगणनेत महाराष्ट्रात गायी-बैल आणि म्हशी मिळून सुमारे १ कोटी ९५ लाख भरल्या. शेळ्या आणखी कोटीभर, त्या वेगळ्या. म्हणजे नुसत्या गाय-म्हशींसाठीच चार हजारांच्या घरात संस्था लागतात. तेवढे दवाखाने कागदावर आहेत. मात्र त्यांतले निम्म्याहून अधिक श्रेणी-२चे, आणि श्रेणी-२ म्हणजे जिथे पदवीधर पशुवैद्यक नेमलेलाच नसतो. पदविकाधारक पर्यवेक्षक दवाखाना चालवतो. १९८४चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा म्हणतो की नोंदणीकृत पदवीधरानेच उपचार करावेत, पर्यवेक्षकाने किरकोळ सेवा त्याच्या देखरेखीखाली द्याव्यात. वीस किलोमीटरवरून देखरेख कशी करतात, हे कायद्यात लिहिलेलं नाही. पदवीधर आणि पदविकाधारक यांच्या संघटनांतलं भांडण वर्षानुवर्षं चालू आहे. माझ्या मते दोघंही अर्धवट बरोबर आहेत. पर्यवेक्षकाशिवाय लसीकरण आणि रेतन चालणार नाही. त्याच्या हाती शस्त्रक्रिया आणि प्रतिजैविकं सोडून देणंही चालणार नाही.

२०२५ साली लोकसेवा आयोगाने पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या, म्हणजे सरकारी पशुवैद्यकांच्या, २७९५ पदांची जाहिरात काढली. एवढी मोठी भरती या खात्यात क्वचितच निघते. स्वागतच आहे. पण ही मंडळी रुजू झाल्यावर त्यांच्या दिवसाचं काय होतं ते जरा पाहू. सकाळी दवाखाना. मग जनावराच्या कानातला बारा आकडी बिल्ला आणि त्याची ॲपवरची नोंद; नेटवर्क नसेल तर रात्री घरी बसून. विमा उतरवलेली गाय मेली तर शवविच्छेदन आणि दाखला, आणि बिल्ला नसलेली गाय मेली तरी दाखला द्या म्हणून सरपंचाचा फोन. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली वाट मोकळी करून दिल्यावर बैलांच्या तपासणीचे दाखले. दुष्काळ पडला की चारा छावणीतली मोजदाद. निवडणूक आली की निवडणूक. यातून वेळ उरला तर ज्यासाठी शिकला ते काम.

साथ आली की मात्र साऱ्या राज्याला हे खातं आठवतं. फेब्रुवारी २००६मध्ये नंदुरबारच्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला आणि लाखो कोंबड्या मारण्याचं काम पशुवैद्यकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या वाट्याला आलं. पांढऱ्या झग्यांत घामाने निथळत त्यांनी ज्या लोकांचा धंदा डोळ्यांसमोर बुडवला त्यांच्याच गावात ते मुक्कामाला होते. २०१६ साली सिंधुदुर्गात दोडामार्गकडे माकडताप पोचला तेव्हा मेलेल्या माकडांपर्यंत जाणारे लोक लागले. ऑगस्ट २०२२मध्ये जळगावकडून लंपी हा गुरांचा त्वचारोग शिरला. त्याची स्वतःची लस तेव्हा बाजारात नव्हती, म्हणून शेळ्यांच्या देवीची लस वापरून काही महिन्यांत एक कोटीहून अधिक गोवंश टोचला गेला. आंतरवासिता करणारी मुलंमुलीही त्या कामाला लावली होती. ‘नीटवाली’ म्हणून ज्यांना हिणवलं गेलं तीच ही पोरं. गाठींनी फुटलेल्या, माश्या घोंगावणाऱ्या गायींमध्ये ती दिवसभर उभी होती. तेव्हा त्यांचा सातबारा कोणी विचारला नाही.

या कामात अंगाला काय चिकटतं, तेही सांगायला हवं. गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडली, म्हणजे तिचा गर्भ पडला, आणि वार अडकली की ती हाताने सोडवायला डॉक्टरला बोलावतात. हे ब्रुसेला या गर्भ पाडणाऱ्या संसर्गाचं ठळक लक्षण. त्याच स्रावात खांद्यापर्यंत हात घालायचा, प्लास्टिकचा हातमोजा कोपराशी फाटलेला. महिन्या-दोन महिन्यांनी संध्याकाळचा ताप चढतो, घाम येतो, सांधे आणि पाठ धरते. टायफॉइड म्हणून, मलेरिया म्हणून उपचार होतात आणि खरं निदान कधी वर्षभराने हाती लागतं. राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात २०१९पासून चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलाची लस देतात, ही चांगली गोष्ट. ती लस जिवंत असते. टोचताना कालवडीने झटका दिला आणि सुई स्वतःच्या बोटात गेली तर तोच रोग डॉक्टरला. रेबीजची प्रतिबंधक लस आणि ब्रुसेलाची वार्षिक रक्ततपासणी या दोन गोष्टी रुजू होण्याच्या पत्रासोबतच मिळाल्या पाहिजेत. त्या डॉक्टरच्या स्वतःच्या हौसेवर सोडलेल्या असतात.

मग हुशार पोरं पुण्या-मुंबईत कुत्र्या-मांजरांचे दवाखाने काढतात, कोंबड्यांच्या किंवा औषधांच्या कंपनीत जातात, बँकेत कृषी अधिकारी होतात, स्पर्धा परीक्षा देऊन तहसीलदार होतात. लोक म्हणतात, शेणाचा वास नको म्हणून गेली. मला तसं वाटत नाही. शहरातल्या दवाखान्यात वास कमी नसतो. पार्व्हो झालेल्या पिलाच्या हगवणीचा वास ज्याने घेतला आहे त्याला विचारा. फरक आहे तो भोवतालचा. तिथे दोन-तीन डॉक्टर एकमेकांच्या पाळ्या सांभाळतात, एक्स-रे आणि रक्ततपासणी त्याच छपराखाली असते, अडलं तर वरिष्ठाला हाक मारता येते. मुंबईत महालक्ष्मीला २०२४ साली टाटा ट्रस्ट्सचं पाच मजली प्राणी रुग्णालय सुरू झालं, १६५ कोटी रुपये खर्चून. रतन टाटांनी मनावर घेतलेलं काम. तिथे अतिदक्षता आहे, शस्त्रक्रियागृहं आहेत. पशुवैद्यक म्हणून वाढायचं असेल तर तरुण डॉक्टर अशा जागी ओढला जाणारच, आणि त्यात त्याचा दोष काढण्यात अर्थ नाही.

शहरातलं आयुष्य सुखाचं आहे असंही समजू नये. अमेरिकेत १९७९ ते २०१५ या काळातल्या पशुवैद्यकांच्या मृत्यूंचा अभ्यास झाला. आत्महत्येचं प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत पुरुष पशुवैद्यकांत २.१ पट आणि स्त्रियांत ३.५ पट निघालं. तिथली कर्जं आणि तिथला एकाकीपणा इथे जशाच्या तशा लावता येत नाहीत. पण त्यामागचा एक ताण सगळीकडे सारखा आहे. माणसांच्या डॉक्टरला बहुतेक वेळा रोगाशी झगडायचं असतं; पशुवैद्यकाला रोग आणि मालकाचा खिसा या दोघांशी. बरा होऊ शकणारा प्राणी पैशाअभावी मरताना पाहणं, वर ‘प्राण्यांवर प्रेम असतं तर फुकट केलं असतं’ हे ऐकणं, हे महिन्यातून अनेकदा घडतं. गोठ्यातही तेच. ‘डॉक्टर, गाय वाचंल का?’ या प्रश्नाचा खरा अर्थ असतो, ‘खर्च करू का?’ लाखाची गाय, लिटरला तीसेक रुपयांचं दूध, डोक्यावर सोसायटीचं कर्ज. डॉक्टरच्या एका शब्दावर त्या घराचा वर्षाचा हिशेब फिरतो. पंचवीस वर्षांच्या मुलाने हा शब्द रात्री दीड वाजता, विजेरीच्या उजेडात, कुणाला न विचारता द्यायचा असतो.

ही पोकळी रिकामी राहत नाही. डॉक्टर नसला की बॅग घेऊन फिरणारा कोणीतरी येतोच, आणि त्याच्या बॅगेत जे असतं ते आपल्या ताटात, हवेत, नदीत पोचतं. डायक्लोफिनॅक हे साधं वेदनाशामक जनावरांना सर्रास टोचलं गेलं, त्यांची मढी गिधाडांनी खाल्ली, गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि पंधरा-वीस वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं भारतातून जवळपास नाहीशी झाली. कारण २००४ साली सापडलं, २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या, म्हणून २०१५ साली त्या बाटलीचा आकारच एका मात्रेपुरता करावा लागला. त्या काळात हे औषध पदवीधरांनीही टोचलं, तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. बंदीनंतर मात्र ते चालू राहिलं ते मुख्यतः ज्यांच्यावर कुणाचाच अंकुश नव्हता त्यांच्यामुळे. कासदाहाच्या प्रतिजैविकांचंही तसंच. औषध दिल्यावर किती दिवस दूध डेअरीला घालायचं नाही हे सांगणारा माणूस गोठ्यात हजर नसेल, तर ते दूध संध्याकाळी आपल्या चहात असतं.

बंधपत्राने ही पोकळी भरत नाही. सक्तीने आलेला डॉक्टर पाच वर्षं दिवस मोजतो आणि कामात हात बसू लागला की निघून जातो. सातबाऱ्यानेही भरत नाही. शेतकऱ्याचा मुलगा शेणाला घाबरत नाही, ठीक. पण त्यालाही बायको आहे, तिची नोकरी आहे, मुलांची शाळा आहे, आणि ज्या कष्टातून बाहेर पडायला बापाने त्याला शिकवलं त्याच गावात एकट्याने चोवीस तास राबायला तो का तयार होईल?

त्यापेक्षा एकट्याचा दवाखाना ही कल्पनाच सोडून द्यावी. पाच-सहा दवाखान्यांचा एक गट करा, त्यांपैकी एका मोठ्या गावात तीन पदवीधर, एक गाडी, चालक, साधी प्रयोगशाळा, न्हाणीघर आणि मजबूत खोडा द्या. रात्रीची पाळी ठरवून द्या. ज्याची पाळी नाही त्याचा फोन बंद असला तर तो गुन्हा ठरू नये. रात्रीच्या फेरीवर गाडीत चालकासोबत एक मदतनीस असेल तर मुलींच्या सुरक्षिततेचा प्रश्नही तिथेच सुटतो, आणि मुलांच्याही. दारू प्यायलेल्या मालकाला लिंगभेद नसतो. जनावरांच्या उपचारासाठीचा १९६२ हा फोन क्रमांक आणि फिरती पथकं आहेतच, ती या गटांना जोडावीत. पर्यवेक्षक वाड्या-वस्त्यांवर लस, रेतन, बिल्ले सांभाळेल आणि अडलं तर गटाला कळवेल. देखरेख म्हणतात ती अशी होते. दाखले आणि नोंदींसाठी एक कारकून नेमा. डॉक्टरच्या पगारात डेटा एंट्री करून घेणं हा सरकारच्याच पैशाचा अपव्यय आहे.

यावर पहिला आक्षेप पैशाचा येईल. शेतकऱ्याने घरभेटीचं शुल्क भरावं, असं मी उघडच म्हणतो. गरीब शेतकरी कुठून भरणार, असं विचारणाऱ्यांना ठाऊक आहे की तो आजही भरतो. दवाखान्यातला केसपेपर नाममात्र असतो, गोठ्यात येणाऱ्याला मात्र पाकीट काढून द्यावंच लागतं, पावती नसते, दर माणूस पाहून ठरतो. ते शुल्क जाहीर करा, पावती द्या, त्यातला ठरावीक वाटा पाळीवर असलेल्या डॉक्टरला आणि मदतनिसाला कायदेशीर मिळू द्या. कोल्हापूरच्या गोकुळसारखे दूध संघ आपल्या सभासदांना पशुवैद्यकीय सेवा देतातच, म्हणजे सेवा आणि तिचा खर्च यांची सांगड घालता येते, हे आपल्याकडेच दिसलेलं आहे.

हे सगळीकडे एकाच साच्यात बसणार नाही. फलटण, माळशिरस, संगमनेर, राहाता इथे गायी दाट आहेत, दूध रोज विकलं जातं, तिथे असा गट स्वतःच्या खर्चाचा मोठा भाग स्वतः उचलेल. सुरुवात तिथून करावी. गडचिरोली-नंदुरबारमध्ये चार शेळ्या आणि एक बैलजोडी असलेल्या माणसाकडून शुल्क मागण्यात अर्थ नाही. तिथला सगळा खर्च सरकारनेच करायचा, आणि तिथे जाणाऱ्या डॉक्टरला जादा भत्ता, ठरलेल्या मुदतीची बदली आणि जोडीदाराच्या नोकरीची सोय लेखी द्यायची. कोकणात घरं विखुरलेली, गोठ्यात दोन-दोन जनावरं; तिथे दवाखान्याच्या इमारतीपेक्षा गाडी महत्त्वाची. आत्ता जे अडीच-पावणेतीन हजार तरुण या खात्यात येऊ घातले आहेत, त्यांना नेमणुकीची गावं वाटण्याआधी हा नकाशा तयार हवा. एकदा त्यांना एकेकटं त्या खुर्च्यांवर बसवलं की त्यांची पुढची तीस वर्षं जुन्या घडीतच जातील.